ब्लडी
ब्लडी : इंग्रजी भाषेतील एक अपशब्द. ‘ब्लड’ म्हणजे रक्त, यावरून बनलेल्या या विशेषणाचा मूळ अर्थ ‘रक्ताळलेला’ असा आहे. सतराव्या शतकात ते ‘अतिशय’ या अर्थी, केवळ जोर देण्यासाठीही वापरले जाऊ लागले. कुमारी मेरीच्या शपथेचा हा अपभ्रंश होय, ही लोकप्रिय व्युत्पत्ती अभ्यासकांना मान्य नाही. ‘ब्लड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उच्चकुलीन उच्छृंखल तरुणांशी त्याचा संबंध असावा, असे एक मत आहे.

जॉनथन स्विफ्टने १७११ मधील एका खाजगी पत्रात उकाड्याचे वर्णन करताना हा शब्द सहजपणे योजिला आहे. पुढे मात्र तो खालच्या वर्गाच्या बोलीची खूण ठरला व शिष्ट भाषेतून हद्दपार झाला. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या रडिगोर (१८८७) या संगीतिकेचे नाव या शब्दाची आठवण करून देते, अशी तक्रार झाल्याने त्याचे वर्णलेखन बदलावे लागले. शॉच्या पिग्मॅलियन या नाटकाच्या लंडनमधील प्रयोगात (१९१४) उच्चभ्रूंचे उच्चार शिकलेली फुलवाली इलायझा हाच शब्द उच्चारते, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पु. ल. देशपांडे यांचे ती फुलराणी (१९७५) हे याच नाटकाचे मराठी रूपांतर होय. ऑस्ट्रेलियात हा शब्द इतका रुळला, की २००६ मध्ये तेथील पर्यटनाच्या जाहिरातीतही तो आला. ब्रिटनमध्ये तिच्या दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणास प्रथम मनाई झाली; ती नंतर उठविण्यात आली.

जोर देण्याचे त्याचे कार्य तीन शतके कायम राहिले; बदलली ती समाजाची शिष्टाचाराची कल्पना.