खुराक कुणी द्यायचा?

इतिहास लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. मी कल्याणातल्या एका लहानशा शाळेतला मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे कॉलेज मी रस्त्यावरूनच पाहिलेले आहे. तरीही हा लेख लिहायला बसलो, त्याला कारण एका विद्यार्थ्याचा गुडघा.

हा मुलगा आमच्या शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळी. घोट्याची पकड अशी करी की, चढाईला आलेला गडी पुन्हा मध्यरेषेकडे पाहतच राही. शालेय सामन्यांत एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला हेरले. कॉलेजचे नाव लिहीत नाही. तसे वागणारे ते एकटेच असेल असे मला वाटत नाही. फी माफ, बूट आणि गणवेश कॉलेजचा, सरावाच्या दिवशी दूध-अंडी, असे तोंडी ठरले. मुलाचे वडील रिक्षा चालवतात. ते मला विचारायला आले, "मास्तर, हे कागदावर लिहून मागू का?" मी म्हणालो, "अहो, विद्येचे मंदिर आहे ते. तिथे सौदा करायचा नसतो."

दुसऱ्या वर्षी एका सामन्यात मुलाचा गुडघा गेला. पुढल्या जूनमध्ये पूर्ण फी भरण्याची सूचना घरी आली. वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला फार लागले.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. खेळाडूने पैशाचे बोलणे म्हणजे सौदा, ही कल्पना माझ्या डोक्यात आली कुठून?

आपल्या मातीतली तर ती नव्हे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ ह्या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जो आश्रय दिला, तो सर्वांना ठाऊक आहे. १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पहिलवानांना दरबारातून खुराक मिळे. खुराक ह्या शब्दाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. तो पगार नव्हे आणि भीकही नव्हे. जो अंग झिजवतो त्याच्या अंगाची काळजी, ज्याच्या नावाने तो लढतो त्याने घ्यायची, एवढा साधा अर्थ त्यात आहे. खुराक घेतला म्हणून कुणा पहिलवानाची अब्रू गेल्याचे मी ऐकलेले नाही.

पैसा घेतला की खेळाडू बाटला, हा सोवळेपणा विलायतेतून आला. १८६६ साली लंडनच्या एका ॲथलेटिक क्लबाने 'हौशी' कोणाला म्हणावे ह्याचा नियम केला. त्यात बक्षिसाच्या पैशासाठी धावणारा तर वगळला होताच. पण जो कारागीर किंवा मजूर आहे, तोही वगळला होता! हातांनी काम करणारा माणूस सभ्य गृहस्थांच्या शेजारी धावू नये, ही त्यातली गोम. इंग्लंडात 'जंटलमन विरुद्ध प्लेअर्स' हा क्रिकेटचा सामना १८०६ पासून १९६२ पर्यंत चालला. एका बाजूस हौशी साहेब, दुसऱ्या बाजूस रोजी घेणारे खेळाडू.

तीच रीत आपल्याकडे आली, आणि आपल्या जातिभेदाची तिच्याशी चांगली गट्टी जमली. पळवणकर बाळू हे पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना चेंडू टाकीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण चर्मकार समाजातल्या ह्या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही; तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांना मिळाला.

आता कॉलेजच्या खेळाडूकडे येतो. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकीची वेळ आली, तेव्हा दरबार राहिला नव्हता आणि त्याची जागा घ्यायला सरकार अजून पुरते आले नव्हते. खाशाबांनी लोकांकडे हात पसरले, वर्गणी जमवली, तरी भागेना. तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

ही कथा आपण शाळेत मुलांना सांगतो आणि इथेच थांबतो. मीही वर्षानुवर्षे थांबत आलो. पण पुढचा भाग अधिक बोलका आहे. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले. म्हणजे देशासाठी पदक आणण्याचा खर्च अखेर त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अंगावर फेडला! विलायती नियम काटेकोर लावला असता, तर ह्या मैदानी कुस्त्यांवर बोट ठेवता आले असते. तसे बोट ठेवल्याचे उदाहरण जगात आहे. अमेरिकेतल्या कार्लाइल इंडियन स्कूलचा आदिवासी विद्यार्थी जिम थॉर्प ह्याने १९१२ साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदके मिळवली. पूर्वी बेसबॉल खेळून त्याने थोडे पैसे घेतले होते, एवढ्यावरून १९१३ साली त्याची पदके काढून घेतली. १९५३ साली तो वारला. पदके परत देण्याचा निर्णय झाला १९८२ साली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते थेट २०२२ मध्ये.

खाशाबांना १९५५ साली मुंबई पोलिसांत उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. पुढे त्यांचाही गुडघा दुखावला आणि दुसरे पदक राहून गेले. पण गुडघा गेला तरी नोकरी राहिली. सहायक पोलिस आयुक्त होऊन ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ठाणे-कल्याणच्या माणसाला ही नोकरीची वाट परकी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, आणि पुढल्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. रेल्वेने खेळाडूंसाठी १९२८ सालीच स्वतंत्र मंडळ काढले. आमच्याकडे कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या आईला पदक वगैरे ठाऊक नसते, "रेल्वेत लागेल का?" एवढेच ती विचारते. मी पूर्वी ह्या प्रश्नाला हसत असे. आता वाटते, इतिहास तिला माझ्यापेक्षा चांगला कळला होता.

पण रेल्वेच्या दारापर्यंत पोचायच्या आधी शाळा-कॉलेजची वर्षे असतात, आणि सगळा धोका तिथेच आहे. कधी दैव चांगले असते. डोंबिवलीत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातला रोहित शर्मा नावाचा मुलगा बोरिवलीला आजी-आजोबांकडे वाढत होता. १९९९ साली प्रशिक्षक दिनेश लाड ह्यांनी त्याला हेरले आणि आपल्या शाळेत यायला सांगितले. फी परवडत नव्हती. लाडसरांनी शब्द टाकून ती माफ करवून घेतली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पण खर्डेकर काय किंवा लाडसर काय, ही माणसांची थोरवी झाली. थोर माणूस भेटला तर मुलगा तरतो, न भेटला तर बुडतो. ह्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

अमेरिकेत हा वाद उघड्यावर झाला, म्हणून तो पाहण्यासारखा आहे. तिथे कॉलेजच्या फुटबॉलवर अफाट पैसा मिळतो. १९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन हा विद्यार्थी कॉलेजच्या सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कारण तो कॉलेजचा कामगार नव्हता! त्याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा गोंडस शब्द तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने रूढ केला. त्या शब्दाच्या आडोशाला संघटना बरीच दशके उभी राहिली. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निकाल दिला. लगोलग खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार एकेका विद्यापीठाला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंत वाटता येऊ लागली.

इतका पैसा शिरला की विद्या उरेल का, अशी शंका तिथले प्राध्यापक घेतात, आणि ती खोटी नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाखांची बोली लागली. तेव्हापासून आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवर भूगोलाचे पुस्तक उघडतच नाही. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के राखीव जागा आहेत. पण त्या शिडीवर चढतात किती आणि मधूनच पडतात किती, हे मास्तराच्या नजरेतून सुटत नाही.

म्हणून विद्यार्थ्याला पगार द्या असे मी म्हणत नाही. मला खुराक हा आपला जुना शब्दच पुरेसा वाटतो. ज्याच्या नावाने मुलगा खेळतो, त्याने त्याचे शिक्षण पुरे होईपर्यंत फी भरावी, मैदानावर मोडलेले हाड स्वखर्चाने बसवावे, आणि हे सारे आधी लिहून द्यावे. गुडघा गेला म्हणून खुराक बंद, हा सौदाच झाला. आणि तो मुलाने केलेला नव्हता.

माझा तो विद्यार्थी आता एका गोदामात हिशेब लिहितो आणि बाहेरून परीक्षा देतो. जिना उतरताना कठड्याला धरतो. गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेतल्या आणखी एका मुलाला कॉलेजचे बोलावणे आले. त्याची आई मला विचारायला आली, तेव्हा हा तिथेच बसला होता. मी काही बोलण्याआधी त्याने माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि म्हणाला, "सर, मजकूर तुम्ही सांगा. मी लिहितो."

मी सांगितला. त्याने लिहिला. अक्षर त्याचे पूर्वीपासूनच चांगले आहे.