तुम्हीच शाबीत करा

1893च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यूयॉर्कमधल्या तीन चिनी मजुरांचं प्रकरण आलं. दोघांनी सरकारचा रहिवास दाखला काढलाच नव्हता. तिसऱ्याची गोष्ट जास्त मासलेवाईक आहे. तो दाखला मागायला गेला होता आणि आपण इथले जुने रहिवासी आहोत हे सांगायला साक्षीदारही घेऊन गेला होता. पण साक्षीदार चिनी निघाले. चिनी माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून अधिकाऱ्याने दाखला नाकारला. मग दाखला नाही म्हणून त्याला पकडलं. कोर्टात सुटका करून घ्यायची तर कायद्याची अट होती ‘किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार’. तो त्याच्याकडे नव्हता.

न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा एवढाच, की परक्याला देशाबाहेर काढणं ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे. आणि ती शिक्षा नसल्यामुळे, आरोपीला राज्यघटनेने दिलेलं संरक्षण इथे लागू होत नाही.

बेकायदा स्थलांतरितांचं काय करायचं, यावर आज जगभर जो वाद चालतो, त्यात भिंती, काटेरी कुंपणं, विमानात बसवून परत पाठवणं यांची चर्चा फार होते. मला या सगळ्यांपेक्षा एक साधी कायदेशीर युक्ती जास्त महत्त्वाची वाटते. तिला ना वीट लागते ना तार. एरवी आरोप करणाऱ्याने आरोप शाबीत करायचा असतो. इथे सरकारने नुसती शंका घ्यायची आणि ती खोटी आहे हे समोरच्याने दाखवायचं. या युक्तीचं कूळ शोधत गेलं की एक धागा या चिनी मजुरांपाशी पोचतो आणि दुसरा थेट आपल्या घरात येतो.

आधी चिनी धागा. 1882च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षं दार बंद केलं. आत असलेल्यांना गावी जाऊन परत यायचं असेल, तर जाण्यापूर्वी दाखला घ्यावा लागे. 1 ऑक्टोबर 1888च्या कायद्याने हे दाखलेही रातोरात रद्द झाले. असा दाखला खिशात घेऊन एक मजूर त्या वेळी हाँगकाँगहून निघून समुद्रात होता. आठवड्याभराने त्याचं जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागलं, तेव्हा तो कागद रद्दी झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि हरला.

1892 साली कॅलिफोर्नियाचे खासदार थॉमस गिअरी यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. नव्याने येणाऱ्यांवरची बंदी त्याने दहा वर्षांनी वाढवलीच, शिवाय आधीपासून राहणाऱ्या प्रत्येक चिनी मजुराला वर्षभरात दाखला काढायला लावलं. दाखला नसलेला माणूस बेकायदाच आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने दाखवायचं. एक लाखाहून जास्त चिनी लोकांपैकी मुदतीत जेमतेम 13 हजारांनी नावं नोंदवली. बाकीच्यांनी बहिष्कार घातला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘सिक्स कंपनीज’ या चिनी संघटनेने कोर्टकचेरीसाठी माणशी एक डॉलर वर्गणी मागितली आणि कोणीही नोंदणी करू नका असं बजावलं. कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरून लोक या कायद्याला ‘बिल्ला कायदा’ म्हणू लागले.

सुरुवातीला सांगितलेला निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. आता हजारो माणसांना जहाजात भरून परत पाठवायचं, तर त्याला लागणारा पैसा खजिन्यात नव्हता. हकालपट्टीच्या घोषणांचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे. शेवटी नोव्हेंबर 1893मध्ये काँग्रेसने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली आणि जाता जाता एक अट वाढवली: दाखल्यावर फोटो हवा. एखाद्या अख्ख्या समाजाला सरकारी फोटो-ओळखपत्र बाळगायला लावण्याचा हा फार सुरुवातीचा प्रकार.

आणि मग जे झालं, ते या युक्तीच्या कुळात पुढे पुन्हा पुन्हा झालेलं दिसतं. 18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, मागोमाग आग लागली, आणि शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. अमेरिकेत जन्मलेला माणूस अमेरिकी नागरिक, हे 1898मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका चिनी वंशाच्या माणसाच्या खटल्यात ठरवलं होतं. आता ‘मी इथेच जन्मलो’ म्हणणाऱ्याला खोटं पाडायला रजिस्टरच उरलं नाही. असा नागरिक चीनला जाऊन आला की मुलगा झाल्याची नोंद करी. तो मुलगाही अमेरिकी. त्या नोंदीची जागा मग दुसऱ्याच्या मुलाला विकली जाई. हे कागदावरचे मुलगे.

सरकारने यावर उलटतपासणीचा उपाय काढला. 1910पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर आलेल्यांना अडकवून ठेवायचे, कधी आठवडे, कधी महिने. घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठल्या कोपऱ्यात? तुमच्या गल्लीत डावीकडून तिसरं घर कोणाचं? बापाला वेगळं विचारायचे, मुलाला वेगळं, आणि उत्तरं ताडून बघायचे. म्हणून येणारे लोक उत्तरांच्या वह्या पाठ करत आणि बंदर जवळ आलं की समुद्रात फेकून देत. आता यात मजा बघा: पाठांतर करून आलेला खोटा मुलगा घोकलेलं धडाधड सांगे, आणि खऱ्या मुलाला मात्र पायऱ्या आठवत नसत. आपल्या घराच्या पायऱ्या कोण मोजतं?

इंग्रजांकडची शाखा निराळी आहे. 4 ऑगस्ट 1914 रोजी ब्रिटन युद्धात उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी, एका दिवसात, पार्लमेंटने परकीयांवर निर्बंध घालणारा कायदा मंजूर केला. त्यात एक कलम होतं: एखादा माणूस परका आहे की नाही असा प्रश्न आला, तर तो परका नाही हे त्यानेच दाखवायचं. जर्मन हेरांच्या भीतीने घाईघाईत घातलेलं कलम. पण युद्ध संपल्यावर 1919मध्ये कायद्याची मुदत वाढवली गेली. संकटकाळी आलेला कायदा संकट टळल्यावर सहसा निरोप घेत नाही.

याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये असला प्रयोग झाला होता. हिंदी माणसं तिथे चोरून मोठ्या संख्येने घुसत आहेत, अशी हाकाटी करून 1906 साली लायनेल कर्टिस या अधिकाऱ्याने वटहुकूम तयार केला: हिंदी आणि चिनी रहिवाशांनी नव्याने नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे, आणि पोलीस मागेल तिथे परवाना दाखवायचा. गांधीजींचा पहिला सत्याग्रह या परवान्याविरुद्ध होता. 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून जास्त परवाने कढईत घालून जाळले गेले. ट्रान्सवालमधले चिनीही या लढ्यात बरोबर होते. ठशांचं शास्त्र मात्र आपल्याकडून गेलेलं. कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं काम केलं, आणि त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री 1900मध्ये तिकडच्या पोलिसांची घडी बसवायला दक्षिण आफ्रिकेत गेले होते.

भारतात ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात, 1940च्या फॉरिनर्स अ‍ॅक्टमधून आली आणि 23 नोव्हेंबर 1946च्या कायद्यात कायमची बसली. त्याचं कलम 9: पुराव्याच्या कायद्यात काहीही असो, आपण परदेशी नाही हे त्या व्यक्तीनेच शाबीत करायचं. तारीख नीट पाहिली पाहिजे. त्या दिवशी ढाका परदेशात नव्हतं, कराचीही नव्हती. ज्यांच्यावर हे कलम पुढे सर्वांत जास्त चाललं, ते लोक कलम लिहिलं गेलं तेव्हा परदेशी असूच शकत नव्हते. 1957मध्ये व्याख्या बदलून ‘भारताचा नागरिक नसलेला तो परदेशी’ असं झालं, तेव्हा कुठे पाकिस्तानी नागरिक या कायद्याखाली आले.

कलमामागचं तर्कशास्त्र तसं बिनतोड आहे. तुमचा जन्म कुठे झाला, आईबाप कोण, हे तुम्हाला ठाऊक. सरकारला कसं कळणार? ज्याच्याजवळ माहिती, त्याने ती द्यावी. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. पण कोणाजवळ माहिती असणं आणि त्या माहितीचा पुरावा असणं यांत फार अंतर आहे. आपल्याकडे एका पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. या लोकांना आपला जन्म कुठे झाला हे पक्कं ठाऊक आहे. दाखवा म्हटलं की पंचाईत.

उलट बाजूचा प्रयोगही भारताने करून पाहिला, आणि तो फसला हे मान्य करायला हवं. परकीय घुसखोरांविरुद्धचं आसाम आंदोलन पेटलेलं असताना 1983मध्ये फक्त आसामसाठी वेगळा कायदा आला. त्यात समोरचा परका आहे हे शाबीत करण्याची जबाबदारी तक्रारदारावर होती. 2000 सालापर्यंत तीन लाखांहून अधिक चौकश्या झाल्या, परके ठरले सुमारे दहा हजार, आणि प्रत्यक्षात बाहेर काढले गेले दीड हजारांहून कमी. त्याच सुमारास शेजारच्या बंगालमध्ये जुन्याच कायद्याने पावणेपाच लाखांहून जास्त लोकांना परत पाठवल्याची सरकारी नोंद होती. ही तफावत घेऊन सर्बानंद सोनोवाल सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 12 जुलै 2005 रोजी हा कायदा रद्द झाला. कलम 9 आसामात परत आलं. सोनोवाल पुढे आसामचे मुख्यमंत्री झाले. सीमेवरच्या माणसाला आपली जमीन आणि भाषा हातची जाईल ही भीती वाटते, तिला खोटं म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझं भांडण या अवजाराशी आहे.

कारण हे अवजार कोणाला पकडतं ते आसामच्या बायकांकडे पाहिलं की कळतं. तिथे 24 मार्च 1971च्या मध्यरात्रीपूर्वीचा पुरावा लागतो: 1951ची नागरिक नोंदवही, 1966 किंवा 1971ची मतदार यादी. त्यात बापाचं किंवा आजोबांचं नाव दाखवायचं आणि मग आपण त्यांची मुलगी असल्याचं दाखवायचं. पण जी शाळेत गेली नाही, जिचा जन्म घरी झाला आणि जिचं लग्न अठराच्या आत झालं, तिचं नाव मतदार यादीत पहिल्यांदा येतं ते नवऱ्याच्या गावी, नवऱ्याच्या नावासोबत. बापाशी जोडणारा कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला. तो 2017च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने बाद ठरवला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूरक पुरावा म्हणून पुन्हा चालवून घेतला. मधल्या नऊ महिन्यांत त्या बायकांनी काय करावं, हे कोणी सांगितलं नाही. नव्या नागरिक नोंदवहीच्या 31 ऑगस्ट 2019च्या अंतिम यादीतून 19,06,657 लोक बाहेर राहिले.

दुसरीकडे, कागदाची किंमत वाढली की कागदाचा बाजार भरतो. सराईत माणूस कागदाशिवाय येतच नाही. तो आधी दाखला करतो, मग शंकेला सामोरा जातो. 2025च्या सुरुवातीला मालेगावात उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवरून गदारोळ झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि असे दाखले देणं काही काळ थांबलं. मग ज्याचा जन्म खरोखर शेतावरच्या झोपडीत झाला आणि नोंद राहून गेली, त्यानेही थांबायचं. त्याच वर्षी जूनमध्ये मीरा रोड परिसरातून उचललेल्या बंगालच्या मजुराला सीमेपलीकडे ढकललं, आणि तो भारतीयच आहे हे कळल्यावर परत आणावं लागलं.

11 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 9ला थोडा लगाम घातला. शंका घ्यायला सरकारजवळ काहीतरी ठोस माहिती हवी, वाटेल त्याच्या दारावर थाप मारून शाबीत कर म्हणता येणार नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून माणूस परका ठरत नाही, असं न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांनी म्हटलं. ज्याच्या खटल्यात हे ठरलं तो आसामचा रहिवासी भारतीय ठरला. निकालाच्या अडीच वर्षं आधी तो वारला होता. 1 सप्टेंबर 2025पासून 1946चा कायदा गेला आणि त्याच्या जागी परदेशी नागरिकांचा नवा एकत्रित कायदा आला. जुन्यातलं बरंच काही त्यात बदललं. शाबितीची जबाबदारी होती तिथेच आहे.