काळी भुकटी आणि पांढरं पोतं

परवा मृगाच्या तोंडावर पुतण्या घरी आला. "काका, सोयाबीनला कल्चर लावायचंय, जरा बसा की जवळ." मला मनातल्या मनात हसू आलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच काळ्या भुकटीवरून त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, मला चांगलंच सुनावलं होतं.

माझ्या लहानपणी आमच्या कराडच्या शिवारात पावसाळी पीक म्हणजे भुईमूग. सोयाबीन हा मागून आलेला पाहुणा. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या वाणांवर पंतनगर आणि जबलपूरला काम सुरू झालं, आणि पुढे हळूहळू आमच्याकडेही भुईमुगाची जागा सोयाबीनने घेतली.

पाहुणा आला, पण त्याचा सोबती आला नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1886 साली दाखवलं. दोनच वर्षांत हॉलंडच्या बायेरिंकने ते जिवाणू वेगळे काढले. पण सोयाबीनचा जिवाणू निराळा, भुईमुगाच्या जिवाणूवर त्याचं नीट भागत नाही. म्हणून तो पाकिटातून आणून बियाण्याला चोळायचा.

त्याच जर्मनीत 1913 साली ओपाऊच्या कारखान्यात हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार होऊ लागला. आपल्या बांधावरचं युरियाचं पोतं त्याच घराण्यातलं. म्हणजे काम दोघांचं एकच! पण पोतं तेव्हा पन्नास किलोचं, पाकीट पाव किलोचं. विश्वास कुणावर बसणार?

तरी मी हौसेने पाकिटं आणली आणि पेरणीपर्यंत पत्र्याच्या पडवीत ठेवली. ऐन मे महिन्यात! 'थंड जागी ठेवा' असं पाकिटावर छापलेलं होतं. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगणाऱ्या मास्तरने तेवढंच वाचलं नाही. पीक पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर मुळांवर दोन-चार गाठी, त्याही आतून पांढरट. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते.

"मास्तर, तुमची राख शाळंतच ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी युरियाचा मारा केला. पीक कमरेला लागलं, वाऱ्याने लोळलं, शेंगा मोजक्याच. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरायचा आळस करतं, हे मला फार नंतर कळलं.

राहुरी विद्यापीठाची शिफारस दोन्हींना धरून आहे. हेक्टरी नत्र 50, स्फुरद 75 आणि पालाश 45 किलो, शिवाय बियाण्याला जिवाणू. गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार खताचा, पुढे जिवाणूंचा.

परवा आम्ही कसबे डिग्रजच्या केंद्राच्या 'फुले संगम' वाणाला आधी बुरशीनाशक लावलं, मग दहा किलोला एक पाकीट या हिशेबाने कल्चर चोळलं आणि बी गोणपाटावर पसरलं.

"सावलीतच कशाला, काका? उन्हात लवकर वाळंल की."

तेव्हा मी त्याला पडवीची सगळी हकीगत सांगितली. चूक भुकटीची नव्हती, माझी होती. दादांना हे कधी बोललो नाही. ते गेल्याला आता सहा वर्षं झाली.