झाड कुणाच्या नावावर? वर्ध्याच्या झुडपी जंगलाचा इतिहास

वृक्षलागवडीला विरोध करणारा माणूस सापडणं कठीण. पण खड्डा कुणाच्या जमिनीत खोदला जातोय, हे विचारणाराही सहसा सापडत नाही. बड्या शेतकऱ्याच्या ओलिताच्या वावरात सामूहिक वनीकरण होत नाही. ते होतं गायरानात, झुडपी जंगलात. म्हणजे जिथे आपल्या माणसांनी दगड वेचून दोन एकर वावर काढलेलं असतं, किंवा त्यांच्या चार शेळ्या चरत असतात, तिथेच.

सेवाग्राम घ्या. 1936 साली गांधी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. सेवाग्राम हे नाव 1940 चं. आश्रमाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. गावाच्या मालगुजारीबद्दल फार कुणी बोलत नाही. मध्यप्रांतात मालगुजार हा गावच्या पडीक जमिनीचा आणि जंगलाचाही धनी असे. सेगावात तो मोठा हिस्सा जमनालाल बजाजांचा होता. रयतेला सरपण, चारा, वखराचं लाकूड घेता येई, त्याला निस्तार म्हणत. पण जमिनीच्या कागदावर शेवटच्या माणसाचं नाव नसे.

1951 मध्ये मालगुजारी संपली. ही जमीन सरकारकडे आली आणि जिथे काटेरी झुडपांपलीकडे काही उगवत नव्हतं, तिची नोंद महसूल दप्तरात 'झुडपी जंगल' अशी झाली. आजच्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही जमीन आहे. गुरं चारायची, गावाच्या वापराची जागा. पुढे तिच्यावर घरं झाली, शाळा झाल्या, शेती झाली.

बाबासाहेबांना पडीक जमिनीचं मोल ठाऊक होतं. 1918 च्या निबंधात त्यांनी लहान शेतीचा प्रश्न मांडला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी सरकारी पडीक जमीन अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी मागितली. दादासाहेब गायकवाडांनी तीच मागणी 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून रस्त्यावर आणली. लाखो माणसं तुरुंगात गेली. त्या रेट्याचं फळ म्हणजे 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय, ज्याने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख कोणती निवडली ते बघा!

आणि मग 12 डिसेंबर 1996. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरकारी नोंदीत जंगल असेल तर ते जंगल, मालकी कुणाचीही असो. एका महसुली शब्दाने गावाची चराई वन कायद्याखाली गेली. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही आपल्याला अर्धंच दार उघडलं. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की चालतं. बिगर-आदिवासीला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. हिशेब केला तर 1930 चा पुरावा. त्या काळातल्या महार कुटुंबाला मालगुजाराने कोणता कागद दिला असेल?

या पार्श्वभूमीवर 2019 ची 33 कोटी वृक्षलागवड आठवा. रोपवाटिकेत आणि खड्डे खोदायला काही महिने मजुरी मिळते, हे खरं आहे आणि दुष्काळी वर्षात ती लागते. पण चर खणले, कुंपण पडलं, चराईबंदी आली की आधी शेळ्या विकाव्या लागतात. अल्पभूधारकाच्या घरात शेळी म्हणजे दवाखान्याचा आणि पोरांच्या फीचा पैसा. रोप जगो वा मरो, जागा हातची गेलेली असते.

उलट चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. 2012 मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला आणि गावातच रोजगार उभा केला. तिथे हक्क आधी आला.

22 मे 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने झुडपी जंगल हे वनच असल्याचं सांगितलं. क्षेत्र 86 हजार हेक्टरांवर. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी शासनाने वाटलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीने कायम करण्याची वाटही त्याच निकालात आहे. उरलेली, न वाटलेली जमीन वनखात्याकडे जायची आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनो, तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, निस्तार पत्रक आणि दंडाच्या जुन्या पावत्यांच्या नकला आत्ताच काढा. ज्या घरात वाटपाचा आदेश आहे त्याच्यावरची तारीख पहिल्यांदा बघा, आणि पेटीतला मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.