धक्का कोणी सोसावा? जड बंदुकांच्या इतिहासातील एक प्रश्न आणि मराठी शब्दांची साक्ष

१

बंदुकीचा इतिहास लिहिणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणेच नळीच्या पुढे काय घडले याकडे जाते. गोळी किती दूर गेली, तट पडला की नाही, श्वापद जागच्या जागी कोसळले की जखमी होऊन निसटले, या गोष्टींची नोंद बखरकार करतो, सेनापती करतो आणि शिकारीही करतो. नळीच्या मागे व आजूबाजूला काय घडले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. गोळीच्या पाठोपाठ नळीच्या तोंडातून सुटणारा तप्त वायू त्यात आणखी भर घालतो आणि तोच वायू कानठळ्या बसविणारा आवाजही निर्माण करतो. हा धक्का व हा आवाज नाहीसा करता येत नाही. तो कोणाच्या तरी किंवा कशाच्या तरी अंगावर घालावा लागतो. तो कोणाच्या अंगावर घातला गेला, हा प्रश्न शस्त्रविद्येइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना भाषेची साक्ष उपयोगी पडते, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या विचाराला आरंभ करण्यास देवगड-जामसंडे परिसर सोयीचा आहे. येथील बंदराच्या मुखावरील देवगडचा किल्ला इ. स. १७०५ मध्ये आंग्र्यांनी बांधला असे मानले जाते. उत्तरेस वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या किनाऱ्यावर तोफ ही केवळ तटावरची वस्तू नव्हती. ती हलक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या तारवांवर चढविलेली होती, आणि हलक्या तारवावर चढविलेली तोफ हे धक्क्याच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

२

आंग्र्यांच्या तारवांचे तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म याच्या इ. स. १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात आहे. त्यातील पुढील बाबी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. दोन डोलकाठ्यांच्या गुराबा सुमारे १५० टनांच्या व तीन डोलकाठ्यांच्या सुमारे ३०० टनांच्या असत. नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा पुढच्या बाजूस तोंड करून ठेवलेल्या असत, तर बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत. गलबते याहून लहान होती. सर्वांत मोठे गलबतही क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. बहुतेक गलबतांचा वरचा तक्ता वजन वाचविण्यासाठी चिरलेल्या बांबूंचा केलेला असे, आणि अशा गलबतांवर फक्त काठाला फिरत्या खुंटावर बसविलेल्या लहान तोफा असत. ज्या थोड्या मोठ्या गलबतांना पक्का तक्ता होता, त्यांच्यावरच दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा चढवीत.

हे वर्णन ऑर्मने जहाजबांधणीची माहिती म्हणून दिले आहे. परंतु ते धक्क्याच्या दृष्टीने वाचले तर त्याची संगती अधिक स्पष्ट होते. सर्वांत जड तोफा पुढच्या दिशेने का ठेवल्या? गुराबेची लांबी तिच्या रुंदीपेक्षा अधिक. आडवा धक्का बसल्यास ती कलते, लांबीच्या दिशेने बसल्यास सगळे तारू तो झेलते. बांबूच्या तक्त्यावर गाड्याची तोफ का नाही? कारण मागे धावणारा गाडा तो तक्ता पेलू शकत नाही. खुंटावरची लहान तोफ मात्र आपला धक्का थेट तारवाच्या बाजूच्या भक्कम लाकडात उतरविते. अर्थात वजन, उथळ पाणी आणि पाठलागाची पद्धत ही कारणेही यात आहेतच. तथापि तोफ कोठे ठेवायची याचा निर्णय ती कोणते लाकूड सोसू शकेल यावरही ठरत होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गुराबा फार थोर नाहीत व फार लहान नाहीत अशा मध्यम बांधाव्यात असा जो विचार आहे, त्याचाही या संदर्भात पुन्हा अभ्यास होण्यासारखा आहे.

या लहान तोफांना ऑर्मने वापरलेला शब्द ‘दगड’ या अर्थाच्या पोर्तुगीज-स्पॅनिश शब्दापासून आलेला आहे. ती मुळात दगडी गोळा फेकणारी तोफ. त्याच आकाराच्या लोखंडी गोळ्याहून दगडी गोळा कितीतरी हलका, म्हणून त्याचा धक्काही कमी. म्हणजे धक्का आवरण्याचा पहिला उपाय, गोळीचे वजन व दारू कमी करणे, हा त्या नावातच दडलेला आहे.

३

आता मराठीतील नावांकडे वळू. जुन्या मराठीत तोफेला ‘भांडे’ म्हणत. ‘तोफ’ हा शब्द तुर्कीतून आला, ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे पोर्तुगीजांकडून आले. परंतु मध्यम आकाराच्या, म्हणजे एका माणसाला खांद्याला लावून उडविण्यास जड आणि गाड्यावर घालण्यास हलक्या अशा शस्त्रांची नावे विशेष बोलकी आहेत. गजनाळ, शुतरनाळ (बखरींतील ‘सुतरनाळ’) आणि आईने अकबरीत उल्लेखिलेली नरनाळ, या तिन्ही नावांत उत्तरपद एकच आहे. पूर्वपद मात्र शस्त्राचे वर्णन करीत नाही, वाहकाचे करते: हत्ती, उंट, माणूस. वाहून नेणे आणि पाठीवरूनच उडविणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पण उंटाच्या बाबतीत त्या पुष्कळदा एकत्र आल्या. खोगिराला बसविलेल्या खुंटावर फिरणारा जंबुरा उंटाला बसवून उडवीत. इ. स. १७६१ च्या पानिपतच्या रणांगणावर अब्दालीच्या अशा उंटांचा मारा मराठ्यांनी अनुभवला. ‘जंबूरक’ याचे मूळ ‘गांधीलमाशी’ या अर्थाचा फारसी शब्द. ज्याला गोळी लागली त्याच्या दृष्टीने ते नाव पडले आहे. ज्याच्या पाठीवर बार झाला त्या जनावराची दृष्टी ‘शुतरनाळ’ या नावात उरली आहे.

तटावरच्या जड बंदुकांना, म्हणजे जेजालांना, आधार दगडाचा. नळी जंगीत किंवा दुबेळक्यात टेकवावी, म्हणजे वजन भिंतीने पेलावे. युरोपातही हेच घडले. ‘आर्केबस’ या शब्दाचे मूळ ‘आकड्याची बंदूक’ असे आहे. नळीखालचा आकडा तटाच्या कडेला अडकवला की मागे येणारा धक्का भिंतीत जाई. चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात अशाच लांब व जड बंदुका दोघे मिळून उडवीत. एकाने नळी खांद्यावर घ्यावयाची, दुसऱ्याने मागून बार काढावयाचा.

येथे आपल्या एका वाक्प्रचाराची आठवण होते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी मारणे, असे आपण आडून काम साधणाऱ्याविषयी म्हणतो. हा वाक्प्रचार अशाच एखाद्या प्रत्यक्ष पद्धतीतून आला असे सिद्ध करता येणार नाही. पण त्यातील दृश्य यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. अशा वेळी मागचा धक्का नेम धरणाऱ्यालाच बसतो. खांदा देणाऱ्याच्या वाट्याला येते ते नळीचे वजन आणि कानाशी झालेला आवाज. म्हणजे धक्का व आवाज या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांवर वाटल्या जातात. ही वाटणी पुढे आधुनिक रायफलीच्या इतिहासात पुन्हा भेटणार आहे.

४

शिकारीच्या बंदुकीत तट नाही, तारू नाही. शेवटी खांदा एकच. हत्तींच्या शिकारीसाठी एकोणिसाव्या शतकात प्रचंड नळीच्या बंदुका निघाल्या. सॅम्युएल बेकर याची अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी बंदूक सुमारे २० पौंड वजनाची होती. तो तिला लाडाने ‘बाळ’ म्हणे, त्याच्या अरब साथीदारांनी तिला ‘तोफेचे लेकरू’ म्हटले. तिच्या धक्क्याने आपण गरकन फिरत असू, असे बेकरनेच लिहिले आहे. बंदूक जड केली की धक्का सौम्य होतो. दारू व गोळी तीच ठेवून वजन दुप्पट केले, तर मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि धक्क्याची ऊर्जाही निम्मी होते. परंतु ते वजन दिवसभर वाहणारा मनुष्य निराळा असे. शिकारवर्णनांत त्याचे नाव बहुधा नसते.

इ. स. १८९८ नंतर धूरविरहित दारूच्या ‘नायट्रो एक्सप्रेस’ रायफली प्रचारात आल्या. ब्रिटिश सरकारने इ. स. १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० इंच व्यासाच्या रायफलींवर निर्बंध घातले, कारण त्याच व्यासाच्या जुन्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या. परिणामी .४६५ व .४७० अशा व्यासांच्या रायफली पुढे आल्या. .४७० ची गोळी ५०० ग्रेनांची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर असतो. रायफल पाच किलोग्रॅमची धरली तर केवळ गोळीच्या हिशेबाने ती सेकंदाला चार मीटरांहून अधिक वेगाने मागे येते. वायूचा वाटा त्यात निराळा मिळवावा लागतो. या धक्क्यावर तीन उपाय रूढ झाले: पुरेसे वजन, रुंद व नीट मापाचा दस्ता, आणि दस्त्याच्या टोकाला रबराची गादी. गादीने धक्का घटत नाही. तो अधिक वेळात व अधिक जागेवर पसरतो, म्हणून कमी लागतो.

चौथा उपाय तोफखान्यातून आला. नळीच्या तोंडाशी छिद्रे पाडून सुटणारा वायू बाजूला व मागे वळवायचा, म्हणजे तो बंदुकीला पुढे ओढतो. फ्रान्समध्ये तोफांसाठी ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच पुढे आली होती. विसाव्या शतकात ती खांद्यावरच्या शस्त्रांत आली. खांद्याला तिचा लाभ निःसंशय होतो. पण वळविलेला वायू आपला आवाजही बरोबर घेऊन मागे येतो. जड रायफलीचा आवाज मुळातच सुमारे १६० डेसिबलांच्या घरात असतो, आणि क्षणिक आवाजाची धोक्याची मर्यादा १४० डेसिबल मानली जाते. छिद्रे पाडल्यावर नेमबाजाच्या व त्याहून अधिक त्याच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर हा भार वाढतो. याच्या उलट, हायरम पर्सी मॅक्झिम याने इ. स. १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या आवाजशामकात वायू कोंडून हळूहळू सोडला जातो. त्यामुळे आवाज व काही अंशी धक्काही उतरतो, मात्र नळीची लांबी व वजन वाढते.

बाजूच्या माणसाचे नुकसान हे केवळ तर्काचे नाही. जिम कॉर्बेट यांनी इ. स. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्वतःचा अनुभव नोंदविला आहे. इ. स. १९२९ मध्ये एका शिकारीच्या वेळी त्यांच्या कानाजवळ दुसऱ्याची जड रायफल सुटली, कानाचा पडदा दुखावला, आणि त्याच दुखण्यात त्यांना तल्लादेशच्या नरभक्षक वाघिणीचा माग काढावा लागला. कॉर्बेट लेखक होते म्हणून हे आपल्याला ठाऊक आहे. हाक्यातल्या माणसांचे व बंदूक वाहणाऱ्यांचे कान कोणी नोंदविले नाहीत.

५

पुन्हा देवगड तालुक्याकडे येऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याने ठेवलेली ठासणीची बंदूक परिचयाची आहे. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची परंपरा जवळजवळ संपविली. बंदूक उरली ती बागेच्या राखणीपुरती. या बंदुकीत काडतूस नाही. दारू मापून ओतायची, बोळा घालून गजाने ठासायची, वर छर्रे किंवा गोळी. म्हणून धक्का किती बसेल हे कारखान्यात ठरत नाही, ओतणाऱ्याच्या हातात ठरते. दस्ता सैल धरला तर बंदूक खांद्यावर आपटते. घट्ट धरला तर शरीराचे वजन बंदुकीच्या वजनात मिळते आणि तोच धक्का ढकलल्यासारखा लागतो.

या व्यवहाराचे शब्द लक्षपूर्वक पाहिले पाहिजेत. ‘बार’ भरतात आणि ‘बार’ होतो. भरलेला ऐवज व उडालेला आवाज यांना एकच शब्द आहे, आणि त्याच रूपाच्या फारसी शब्दाचा अर्थ ‘ओझे’ असा आहे. आवाजाने कानठळ्या बसतात, कानाला दडे बसतात. म्हणजे तोंडच्या स्फोटाचा कानावरील परिणाम मराठीने स्वतंत्र शब्दांनी टिपला आहे. खांद्यावरील परिणामाला मात्र ‘धक्का’ हा सर्वसामान्य शब्दच पुरला. पण किनाऱ्यावर ‘धक्का’ याचा आणखी एक अर्थ आहे: गलबत लागण्यासाठी बांधलेला दगडी बांध. लोटणारे बळ आणि ते बळ सोसणारी बांधणी, दोहोंना एकच नाव. वर पाहिलेला सारा इतिहास या दोन अर्थांच्या मधला आहे. बळ तेच राहिले, ते सोसणारी बांधणी मात्र बदलत गेली. कधी सागवान, कधी तटाचा दगड, कधी उंट, कधी खांदा, आणि कधी शेजारच्याचा कान.

यावरून शस्त्रेतिहासाच्या अभ्यासकाने एक सवय लावून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. शस्त्राची शक्ती सांगणारी प्रत्येक नोंद वाचताना तो धक्का कोठे उतरला, हे विचारावे. कागदपत्रे पुष्कळदा उत्तर देणार नाहीत. अशा वेळी शब्द देतात. देवगड व मालवण तालुक्यांत ठासणीची बंदूक चालविलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. दारूचे माप, गजाची खूण, चुकलेला बार, दुखावलेला खांदा, यांसाठी ती जे शब्द वापरतात ते कोशांत कितपत आले आहेत, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन तपासण्यासारखे आहे. बंदुका संग्रहालयात राहतील, त्या सोसणाऱ्यांची भाषा तेथे राहत नाही.