भाडे आणि भाव

‘घर पाहावे बांधून’ असे सांगणाऱ्यांच्या नोकऱ्या बहुधा बदलीच्या नसाव्यात. आम्हां बदलीवाल्यांचा अनुभव निराळा आहे. नागपुरात दोन वर्षे, हैदराबादेत तीन, आणि बंगळुरात किती ते वरिष्ठांनाच ठाऊक, अशा क्रमाने आयुष्य चालले असता घर बांधण्याचा योग येत नाही. नियमाने येतो तो घरमालकाला भाडे पोचविण्याचा दिवस. तेव्हा भाडे देणाऱ्यांच्या रांगेतून भाडे घेणाऱ्यांच्या रांगेत थोडेसे तरी सरकता येईल काय, हा प्रश्न आमच्या मंडळीत डबा खाताना वारंवार निघतो, आणि बाजार पडला की अधिकच आग्रहाने निघतो. त्याला उत्तर म्हणून हल्ली स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासाचे, म्हणजे ‘रीट’चे नाव घेतले जाते. भारतातील असा पहिला न्यास याच शहरातला. म्हणून पडत्या बाजारात त्याचे काय झाले, याचा इतिहास येथे तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

कल्पना मुळात साधी आहे. एखादी मोठी इमारत एकट्या कारकुनाला विकत घेता येत नाही. पण हजारो लोकांनी थोडाथोडा पैसा एकत्र केला, तर विश्वस्तांमार्फत तिची मालकी घेता येते आणि भाडे वाटून घेता येते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बोस्टन व मॅसॅच्युसेट्स या भागात असे न्यास होते. त्यांना आधुनिक कायद्याचे रूप १४ सप्टेंबर १९६० रोजी मिळाले. त्या दिवशी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली. पुढे १९७३ ते १९७५ च्या मंदीत या न्यासांची पहिली मोठी परीक्षा झाली. त्यात बांधकामासाठी कर्जे देणारे न्यास कोसळले. उभ्या इमारतींचे भाडे खाणारे त्यामानाने तगले. नाव एकच असले तरी आत काय आहे हे पाहावे लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आपल्या देशात मध्यमवर्गाला ‘युनिट’ हा शब्द शिकविला तो युनिट ट्रस्टने, १९६४ साली. त्याची पहिली योजना, युनिट चौसष्ट, ही आमच्या वडिलांच्या पिढीला बँकेइतकीच भरवशाची वाटे. युनिटाचा भाव संस्था स्वतः ठरवी आणि त्याच भावाने परत घेई. बाजार हेलकावे खाई, पण युनिट शांत राही. ही शांतता खरी नव्हती. भाव आणि आतल्या मालमत्तेची किंमत यांत अंतर पडत गेले आणि २ जुलै २००१ रोजी योजनेतील खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविल्याचे जाहीर झाले. मुलीच्या लग्नाला ठेवलेले युनिट हाती असून पैसा हाती नाही, अशी अवस्था अनेक घरांनी तेव्हा पाहिली. न हलणारा भाव म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्या वर्षाने शिकविले.

रीटविषयीचे नियम सेबीने २०१४ च्या सप्टेंबरात केले. किमान शेकडा ८० मालमत्ता पूर्ण झालेली व भाडे देणारी असावी, वाटपयोग्य रकमेपैकी किमान शेकडा ९० युनिटधारकांना वाटावी, आणि कर्ज मालमत्तेच्या शेकडा ४९ च्या वर जाऊ नये, हे त्यांतील मुख्य दंडक होत. या नियमांखाली एम्बसी ऑफिस पार्क्सची युनिटे १ एप्रिल २०१९ रोजी शेअरबाजारात आली. विक्रीचा भाव ३०० रुपये, जमविलेली रक्कम ४,७५० कोटी. नागवाऱ्याचा मान्यता पार्क आणि डोमलूरजवळचे गोल्फलिंक्स ही बंगळुरातली नावे त्यात होती, तशीच हिंजवडीतील संकुले आणि नरीमन पॉइंटचा एक्स्प्रेस टॉवर्सही. पण आम्हांस दार बंद होते. किमान अर्जच दोन लाखांहून अधिकचा! इतकी रक्कम एका ठिकाणी गुंतविणारा कारकून आमच्या परिचयात तरी नव्हता.

वर्ष भरण्याच्या आतच परीक्षा आली. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ३,९०० अंशांनी कोसळला आणि दोनच दिवसांनी देश कुलूपबंद झाला. चारशेच्या वर गेलेले युनिट साडेतीनशेच्या घरात आले. मान्यता पार्कच्या फाटकाशी जिथे गर्दीतून वाट काढावी लागे तिथे शुकशुकाट झाला. तरीही भाड्याची वसुली जवळजवळ पूर्ण होत राहिली, कारण भाडेकरू मोठ्या कंपन्या होत्या आणि करार दीर्घ मुदतीचे होते. २०१९-२० मध्ये दर युनिटामागे २४ रुपये ३९ पैसे वाटले गेले होते; २०२०-२१ मध्ये २१ रुपये ४८ पैसे. भाव घाबरला, भाडे फारसे घाबरले नाही.

विशेष हे की, आमच्यासारख्यांना दार उघडले ते याच मंदीत. २०२१ च्या जुलैत सेबीने किमान अर्ज दहा ते पंधरा हजारांवर आणला आणि बाजारात एकेक युनिट घेण्याची मोकळीक दिली. इमारती ओस असताना त्यांचा तुकडा घेण्याचा अधिकार कारकुनाला मिळाला! आमच्यापैकी काहींनी त्या वेळी थोडी युनिटे घेतली. भाव आता खाली आहे, पुढे चढेलच, असा आमचा हिशेब होता.

तो चुकला. दुसरी मंदी कोसळून आली नाही, ती मुंगीच्या पावलांनी आली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बँकेतील ठेवीवर अधिक व्याज मिळू लागले की तेवढेच भाडे देणाऱ्या युनिटाची किंमत उतरते, हे साधे गणित आम्ही विसरलो होतो. शिवाय विशेष आर्थिक क्षेत्रातील करसवलती नव्या घटकांस बंद झाल्याने तेथील रिकामे मजले भरेनात, आणि इतरांना ते देण्याची सोय २०२३ च्या डिसेंबरात नियम बदलेपर्यंत नव्हती. भरलेली जागा शेकडा ९३ च्या आसपास होती ती बरीच खाली घसरली. भाव २०२३ मध्ये मूळच्या तीनशेच्याही खाली डोकावून आला. त्याच डिसेंबरात प्रवर्तकांपैकी ब्लॅकस्टोनने आपली सारी युनिटे विकली. वाटप मात्र २०२२-२३ मध्ये २१ रुपये ७१ पैसे होते. पुढच्या वर्षी २१ रुपये ३३ पैसे. ज्यांनी घाईने विकले त्यांना तोटा झाला. ज्यांनी ठेवले त्यांना भाडे मिळत राहिले, आणि २०२५ मध्ये भाव पुन्हा चारशेच्या वर गेला.

या शेवटावरून ‘पडत्या बाजारात डोळे मिटून घ्यावे’ असा उपदेश कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. भाव दोन कारणांनी पडतो. व्याज वाढल्याने किंवा भयाने पडला तर इमारतीत काही बिघडलेले नसते. भाडेकरू उठून गेल्याने पडला तर मात्र इमारतच दुबळी झालेली असते. २०२३ मध्ये दोन्ही कारणे एकत्र आली, म्हणून पारख कठीण गेली. तेव्हा पाहावे ते तीन आकडे : किती जागा भरली आहे, करार केव्हा संपतात, आणि कर्ज किती आहे. हाती येणाऱ्या वाटपात भाड्याचे उत्पन्न किती आणि मुद्दलाची परतफेड किती, हेही पाहावे. मुद्दल परत येणे म्हणजे कमाई नव्हे.

आणखी एक गोष्ट, आमच्याच वर्गापुरती. युनिट ट्रस्टची पहिली योजना निघाली त्याच १९६४ साली केंद्रीय नोकरांचे वर्तणूक नियम झाले. वारंवार घेणे-विकणे हा सट्टा होय आणि सट्टा नोकराला वर्ज्य होय, असे त्यांतील सोळावा नियम सांगतो. पूर्वी आम्ही याला जाच समजत होतो. आज वाटते, रोज सकाळी भाव पाहून झोप घालविणाऱ्याला याहून हितकर सल्ला कोणी दिला नसता. ज्या पैशाची पुढच्या बदलीत गरज लागेल तो येथे ठेवू नये. जो ठेवावा तो भाड्यासाठी ठेवावा, भावासाठी नव्हे.

डोमलूरच्या बाजूने बस जाते तेव्हा त्या काचेच्या इमारतींकडे आमची नजर अजूनही वळते. त्यांतील एखादी वीट आमची असेल, कदाचित अर्धीच. घरमालकाचे भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला आम्हीच पोचवितो, आणि त्या अर्ध्या विटेने त्यात अद्याप फारसा भार हलका केलेला नाही. तरी भाडे म्हणजे काय आणि भाव म्हणजे काय, हे तिने आम्हांस शिकविले. पावत्यांची चळत ते कधी शिकविणार नव्हती.