फरशीवर फरशी
जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी टाइल चिकटविण्याची पद्धत. यात तोडफोड, धूळ, राडारोडा टळतो. महाराष्ट्रातील जुन्या घरांतल्या मोझेक, कोटा वा शहाबादी फरशीवर ती वापरतात.

यश ठरते ते जुन्या फरशीवर. नाण्याने वा लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला, तर ती काढून जागा भरावी लागते. नवखा नेमका इथेच घाई करतो. चकचकीत पृष्ठभाग ग्राइंडरने खरवडून तेल, मेण, धूळ काढतात. साध्या सिमेंटची पकड गुळगुळीत फरशीवर टिकत नाही. त्यासाठी पॉलिमरयुक्त ॲडेसिव्ह घेऊन ते दातेरी थापीने पसरतात. सांध्यांत स्पेसर ठेवून, पाणसळ लावून, रबरी हातोडीने टाइल बसवितात.

टाइल व ॲडेसिव्ह मिळून जमीन साधारण 12 ते 15 मिमी. उंचावते. दारे खालून तासावी लागतात, उंबरा बुटका होतो. न्हाणीघरात उतार बिघडून पाणी तुंबू शकते. तिथे जुनी फरशी काढणेच बरे. टाइल बसविल्यावर सांधे ग्राउटने सहसा 24 तासांनंतर भरतात.